आंघोळीनंतर कानाला दडे बसलेत, काय करू?

प्रश्न: परवा आंघोळ केल्यापासून उजव्या कानाला दडे बसलेत. दुखत नाही, पण माझाच आवाज मला घुमल्यासारखा ऐकू येतो. इअरबडने मळ काढायला गेले तर कान आणखीच बंद झाला.

उत्तर १: बडने मळ आत ढकलला जातो आणि पाण्याने फुगतो. मला झालं तेव्हा ऑलिव्ह तेलाचे 2-3 थेंब दिवसातून दोनदा घालून कुशीवर पाच मिनिटं पडून राहायचो. आधी दडे वाढल्यासारखे वाटले, चौथ्या दिवशी कान मोकळा झाला. मात्र पडद्याला भोक असेल, कान वाहत किंवा दुखत असेल तर काहीही घालू नका.

उत्तर २: पाण्याने धुवायचा तर डॉक्टरांकडूनच. पाणी 37 अंशांच्या आसपास लागतं, गार पाण्याने गरगरतं. कानात मेणबत्ती लावण्याचा उपाय तर कृपा करून नको. मळ निघत नाही, भाजतं मात्र.

उत्तर ३: ताई, मळच आहे हे कुणी बघितलंय का? माझ्या वडिलांना एका कानाने अचानक ऐकू येईना. आम्ही आठवडाभर तेल घालत बसलो. मळ नव्हताच, आतल्या नसेचा त्रास होता, आणि त्यावर औषध पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावं लागतं. तो आठवडा मला अजून टोचतो.

प्रश्नकर्ती: नाही, कुणी बघितलेलं नाही. उद्या सकाळीच कान तपासून घेते.