मदत हवी आहे: देवळात रोज ८० माणसं बरी होतात, मग साथ टिकणार कशी?

फुटका_फासा
शनिवारी आमच्या रोलप्लेइंग गेमचं (फासे टाकून, एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायची तो खेळ) सेशन आहे, मी डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा, आणि डोकं चालत नाहीये. लवकर सांगा.
माझ्या जगात सहा देव, एक मोठं देऊळ, शहरात तापाची साथ. परवा क्लेरिक (देवाच्या कृपेने मंत्र टाकणारं पात्र) खेळणाऱ्या मित्राने टेबलावरच मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढला. देवळात ४० पुजारी, प्रत्येकाने दिवसातून दोनदा 'लेसर रिस्टोरेशन' हा रोग बरा करायचा मंत्र टाकला तर रोज ८० रुग्ण बरे. "पंधरवड्यात साथ खलास, मग आम्हाला कशाला बोलावलंय?" सगळे हसले. मी म्हटलं, चहा घेऊ.
देव असूनही माणसं मरतात हे पटेल असं काहीतरी सुचवा. "डीएम म्हणतो म्हणून" हे करून झालंय.

नियमबुकी
कुठली सिस्टीम? पार्टी (खेळाडूंची पात्रं) कितव्या लेव्हलला?

फुटका_फासा
डी अँड डीच (डंजन्स अँड ड्रॅगन्स), अजून काय. पाचवी आवृत्ती.

नियमबुकी
२०१४ची पुस्तकं की २०२४ची? उगाच विचारत नाहीये. २०२४मध्ये त्या मंत्रातून रोग बरा करणं काढूनच टाकलंय. तसं असेल तर मित्राचा कॅल्क्युलेटर बंद आणि धागाही बंद.

फुटका_फासा
२०१४. लेव्हल ४.

हिरवट_ऑर्क
सिस्टीम बदला. रूनक्वेस्ट १९७८ सालापासून आहे. त्यात जवळजवळ प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या पंथात असतो, जादू पंथाकडून मिळते आणि त्या बदल्यात पंथाचे नियम पाळावे लागतात. हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

नियमबुकी
ऑर्कराव, गेल्या महिन्यात एकाने नकाशा कसा काढू विचारलं होतं, तिथेही तुम्ही हेच सांगितलंत.
@फुटका_फासा, गुणाकार बरोबर आहे, ४० हा आकडा चुकलाय. दिवसाला दोन म्हणजे तिसऱ्या लेव्हलचा क्लेरिक. प्लेअर्स हँडबुकात सरळ लिहिलंय की देवळातला प्रत्येक पुजारी क्लेरिक नसतो. बाकीचे घंटा वाजवतील, दानपेटी मोजतील. खरे क्लेरिक दोनच ठेव. दिवसाला चार माणसं बरी होतात आणि बाहेर चारशेची रांग आहे. त्या रांगेत सावकाराचा मुलगा पहिला कसा आला, इथून सुरू कर. आणि पार्टीत पॅलाडिन (शपथ घेतलेला योद्धा) असेल तर आत्ताच सांग. त्याच्या 'ले ऑन हँड्स'चे, म्हणजे हात लावून बरं करायच्या ताकदीचे, पाच पॉइंट खर्चून एक रोग जातो, चौथ्या लेव्हलला वीस पॉइंट असतात.

फुटका_फासा
आहे. पॅलाडिन आहे.

नियमबुकी
😑

नुसताच_वाचक
मी नवीन आहे. वीस बाजूंचा फासा पुण्यात दुकानात मिळतो का?

पेठेतला_ड्रॅगन
देव आहेत की नाहीत हेच कुणाला माहीत नसावं. डी अँड डीच्याच एबेरॉन नावाच्या जगात तसंच आहे, तरी क्लेरिकचे मंत्र चालतात. पुरावा नाही म्हटल्यावर देवाला जाब विचारायचा प्रश्नच उरत नाही. आणि नकाशासाठी षट्कोनी चौकटींचा कागद वापर, चौकोनी नको.

गाऱ्हाणेकर
नकाशा कुणी विचारला?
आणि देव गप्प कशाला ठेवायचा? आमच्याकडे तळकोकणात देवाशी रोजचं बोलणं असतं. गुरव पाषाणाला पाकळ्या नाहीतर तांदूळ लावतो, गाऱ्हाणं घालतो, उजवा कौल पडला तर होकार. बोललेला नवस फेडला नाही तर पुढचं गाऱ्हाणं कुठल्या तोंडाने घालणार? जादूचे स्लॉट (दिवसाला किती मंत्र ते) मोजण्यापेक्षा उधारी मोजा. क्लेरिकने मंत्र टाकला की देवाचं देणं वाढलं. देणं चढलं की हव्या त्या माणसाला बरं करता येणार नाही, आधी विचारावं लागेल.

पेठेतला_ड्रॅगन
हे प्लेअरला आवडणार नाही. लेव्हलमुळे मिळालेली ताकद काढून घेतली की चिडतात. मी एकदा केलं होतं, त्यानंतर आमचा ग्रुप सहा महिने भेटला नाही.

गाऱ्हाणेकर
काढून कोण घेतंय? किंमत लावतोय.

सात्त्विक_गोब्लिन
आपल्या श्रद्धास्थानांना फाशांच्या खेळात ओढू नये असं नम्र मत.

गाऱ्हाणेकर
नाव कुणाचंच घेऊ नये, मान्य. देण्याघेण्याची रीत घ्यावी.

नियमबुकी
बरं, क्लेरिकला मराठीत काय म्हणायचं? गुरव?

गाऱ्हाणेकर
गुरव पूजा करतो. झाडपाला, अंगारा, भूत उतरवणं हे भगताचं काम. तुमचा क्लेरिक चिलखत घालून गदा फिरवतो, त्याला क्लेरिकच म्हणा.

फुटका_फासा
एक सांगायचं राहिलं. साथ पाठवणारी देवी आणि क्लेरिकची देवी एकच आहे. त्याला माहीत नाही.

नियमबुकी
अरे हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! मी दोन तास रांगेचा हिशेब करतोय.

माणदेशी_बार्ड
मग सगळं सोपं झालं. आमच्या आजीच्या तोंडी पटकीला रोग म्हणतच नसत. मरीआई आली म्हणायचे. आलेल्या बाईला हाकलत नाहीत. ओटी भरायची, निवद दाखवायचा आणि तिचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेपलीकडे पोचवायचा. आता गंमत बघ, शिवेपलीकडे दुसरं गाव असतं. त्यांनी गाडा पुढच्या शिवेवर ढकलायचा.
तुझ्या शहरात देऊळ बरं करू शकतं, पण करत नाही. बरं करणं म्हणजे देवीला घराबाहेर काढणं. ज्या घरात मंत्र टाकला त्याच्या शेजारच्या घरात ताप दुप्पट. पॅलाडिनला चार घरं करू दे, पाचव्या दिवशी स्वतःच थांबेल. (देवीचं नाव मात्र दुसरं ठेव, वरच्या गोब्लिनभाऊंसाठी.)

हिरवट_ऑर्क
हे रूनक्वेस्टमध्ये फार सहज बसतं.

नुसताच_वाचक
फाशाचं कुणी सांगेल का?

फुटका_फासा (रविवार)
झालं एकदाचं. पॅलाडिनने तीनच घरं केली. तिसऱ्या घराशेजारी त्याचाच घरमालक राहत होता. मग सगळे गाड्यामागे गेले. गाडा आत्ता शिवेवर उभा आहे आणि पलीकडचं गाव काठ्या घेऊन आलंय. क्लेरिकने 'ऑगरी' (देवाला कौल लावायचा मंत्र) टाकून विचारलं, गाडा पुढे ढकलू का? डावा कौल. त्याला लगेच पुन्हा विचारायचंय. चालतं का? पुढच्या शनिवारच्या आत सांगा.

नियमबुकी
चालतं. पण लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) आधी दुसऱ्यांदा टाकलं तर २५ टक्के शक्यता की उत्तर भलतंच येईल. तो फासा पडद्याआड तू टाकायचास, त्याला दाखवायचा नाही.

गाऱ्हाणेकर
आमच्याकडेही पुन्हा विचारतात. आधी नारळ वाढवून.