बँकेचा खरा निरोप कोणता, खोटा कोणता? परदेशी राहणाऱ्या बडोदेकरांचे अनुभव

परदेशात राहणाऱ्याला बँक कधी ना कधी ‘तुमची ओळख पुन्हा पटवून द्या’ असं म्हणतेच; बँकेच्या भाषेत ही केवायसी. हल्ली भामटेही तेच म्हणतात आणि बऱ्याचदा बँकेपेक्षा जास्त अदबीनं म्हणतात. आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत तर आणखी एक गुंता आहे. मुलगा किंवा मुलगी टोरांटोत, लंडनमध्ये नाहीतर दुबईत, खातं रावपुऱ्यातल्या किंवा अलकापुरीतल्या शाखेत, आणि त्या खात्याला जोडलेलं सिमकार्ड बाबांच्या जुन्या फोनमध्ये. ज्याला फोन येतो त्याला खात्यातलं काही माहीत नसतं, आणि ज्याला माहीत असतं तो तेव्हा झोपलेला असतो.

म्हणून हा धागा सुरू करतेय, आपापले अनुभव लिहा. खरी तपासणी कशी झाली तेही लिहा, नुसते फसवणुकीचे किस्से नकोत. खरं कसं दिसतं ते माहीत असेल तर खोटं लवकर ओळखू येतं.

आधी माझं मत सांगते. ‘घाई केली की खोटं’ एवढ्यावर भागत नाही. खरी बँकही मुदत देते आणि ती उलटली की खातं खरंच अडवते. मी एवढंच बघते की समोरचा जे मागतोय ते मला ओळखायला मागतोय की माझे पैसे हलवायला. पासपोर्ट, व्हिसा, पत्त्याचा पुरावा, कर कोणत्या देशात भरता त्याचा फॉर्म हे सगळं ओळखीसाठी. ओटीपी, पिन, कार्डामागचे तीन आकडे, फोनमध्ये टाकायचं अ‍ॅप हे सगळं पैशांसाठी.

दांडिया बाजार, बडोदा. मुलगी न्यू जर्सीला

तिच्या एनआरओ खात्याचे (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांतलं खातं) एसएमएस माझ्या फोनवर येतात. एका दुपारी फोन आला. माणूस आधी गुजरातीत बोलला, मी मराठी आहे कळल्यावर ‘काका’ म्हणायला लागला. मुलीचं पूर्ण नाव, शाखा, ती अमेरिकेत असते, सगळं त्याला ठाऊक. “केवायसीची मुदत संपलीय, संध्याकाळी खातं बंद होईल. तिकडे आत्ता रात्र, बेन झोपल्या असतील, म्हणून तुम्हाला त्रास दिला.” हे बोलणं इतकं समजूतदारपणाचं होतं की कुणालाही पटावं.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल आली. नावात बँक, शेवटी ‘एपीके’, म्हणजे फोनमध्ये बसणाऱ्या अ‍ॅपची फाइल. मी म्हटलं, जवळच राहतो, शाखेतच येतो, कुणाला भेटू? तर म्हणे, हे काम आता शाखेत होत नाही. शाखेत केवायसी होत नाही अशी बँक मी तरी पाहिलेली नाही. फोन ठेवला, रिक्षा केली आणि थेट शाखेत गेलो.

तिथल्या बेननी संगणकावर पाहून सांगितलं की मुलीच्या केवायसीची तारीख अजून बरीच लांब आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जास्त जोखमीच्या ग्राहकाची माहिती निदान २ वर्षांनी, मध्यम जोखमीच्याची ८ वर्षांनी आणि कमी जोखमीच्याची १० वर्षांनी ताजी करायची असते. तुम्ही कोणत्या गटात ते बँक ठरवते. पुढची तारीख तिथेच कागदावर लिहून घेतली आणि तो कागद टेलिफोनच्या वहीत चिकटवून ठेवलाय.

त्या फाइलबद्दल भाच्यानं सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवावं. असं अ‍ॅप एकदा फोनमध्ये बसलं आणि त्याला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की येणारे ओटीपी परस्पर भामट्याकडे जातात. आपल्याला तोंडानं एक आकडाही सांगावा लागत नाही.

लंडन, मूळची राजमहल रोडची

माझा अनुभव खऱ्या तपासणीचा, पण सुरुवातीला तीच खोटी वाटत होती. बाबांनी सुभानपुऱ्याचा फ्लॅट विकून मला भेट म्हणून रक्कम पाठवली. थोड्याच दिवसांत इथल्या बँकेचं पत्र आलं की पैसे कुठून आले ते कळवा, नाहीतर खात्यावर मर्यादा येतील. मागोमाग अनोळखी नंबरवरून फोन आला आणि त्या बाईनं पहिलीच गोष्ट विचारली, जन्मतारीख. मी म्हटलं, आधी तुम्ही बँकेतून बोलताय हे मला कसं कळावं? ती जराही चिडली नाही. “फोन ठेवा, कार्डामागच्या नंबरवर लावा आणि या प्रकरणाचं विचारा,” म्हणाली. मी तसं केलं आणि प्रकरण खरोखर त्यांच्या नोंदीत होतं. त्या बाईचं ते एक वाक्य मला सगळ्यात मोठा पुरावा वाटतं. भामटा तुम्हाला फोन ठेवू देत नाही.

पुढे सगळं कागदांचंच काम. बाबांचं पत्र, त्यांच्या खात्याचा उतारा, विक्रीचा दस्तावेज. दस्तावेज गुजरातीत, त्यामुळे त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर द्यावं लागलं. कंटाळवाणं काम, पण एकदाही कुणी कोड मागितला नाही.

इथे राहणाऱ्यांनी १५९ हा नंबर लिहून ठेवावा. त्यावरून बहुतेक मोठ्या बँकांच्या ग्राहकांना थेट आपल्या बँकेकडे जोडून देतात. ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून घेतलेले पैसे ८५,००० पौंडांपर्यंत परत मिळण्याचा नियमही आहे, मात्र तो ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये पाठवलेल्या रकमेला. फसून भारतात पैसे पाठवले तर तो नियम लागत नाही, आणि आपल्या लोकांचे पैसे तर तिकडेच जात असतात.

स्टुटगार्ट, एम. एस. युनिव्हर्सिटीतून आलेला विद्यार्थी

धागा सुरू करणाऱ्या ताईंच्या नियमाला माझ्याकडून एक भर. इथे ओळख हीच चोरायची वस्तू आहे. जर्मनीत खातं उघडताना व्हिडिओवर पासपोर्ट दाखवून ओळख पटवतात, किंवा पोस्टात जाऊन. दोन्ही पद्धती पूर्णपणे खऱ्या, मीही असंच खातं उघडलं. भामटे याच खऱ्या पद्धतीचा वापर करतात. नोकरीची जाहिरात असते, काम असतं ‘अ‍ॅप तपासून बघणं’. ते सांगतात, एका बँकेची व्हिडिओ तपासणी करून बघा आणि कशी वाटली ते लिहा, पैसे मिळतील. व्हिडिओवरचा माणूस खरा, बँकही खरी. तुम्ही चाचणी समजून जे करता त्यातून तुमच्या नावानं खरं खातं उघडतं, त्याच्या किल्ल्या मात्र भामट्याकडे. त्यावरून चोरीचे पैसे फिरले की पोलिसांचं पत्र तुमच्या पत्त्यावर येतं.

माझ्या ओळखीच्या एका मुलीला असा ‘जॉब’ आला होता. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड’ खात्यात (त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) भरून आलेल्या मुलांना हाताशी काम हवंच असतं, म्हणून जाळं त्यांच्यावरच टाकतात. व्हिडिओवरचा माणूस सुरुवातीला विचारतो की हे खातं तुम्ही स्वतःसाठी, स्वतःच्या इच्छेनं उघडताय ना? तिला ‘सवयीचा प्रश्न आहे, हो म्हणा’ असं आधीच पढवलं होतं. तो प्रश्न ऐकल्यावर तिनं थांबून ‘नाही’ म्हटलं आणि तपासणी तिथेच बंद झाली.

दुबई

थोडक्यात लिहितो. एमिरेट्स आयडीची, म्हणजे इथल्या सरकारी ओळखपत्राची मुदत संपली आणि नवं बँकेला दिलं नाही तर कार्ड खरंच बंद पडतं. म्हणूनच खोटे संदेश इतके पटतात. इथल्या केंद्रीय बँकेचं बोधचिन्ह लावून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तुमचं कार्ड गोठवलंय’ असं येतं. केंद्रीय बँक कुणाच्या कार्डासाठी व्हॉट्सअ‍ॅप करत बसत नाही. नवं आयडी आलं की मी स्वतः बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन चढवतो.

धागा सुरू करणारीकडून

कॅनडातून एका वहिनींनी विचारलंय की बडोद्याच्या खात्यासाठी ‘व्हिडिओ केवायसी’ची लिंक आली तर काय करायचं. लिंक उघडू नका, आधी शाखेला विचारा. रिझर्व्ह बँकेनं २०२० साली ही व्हिडिओ तपासणी आणली तेव्हाच ग्राहक भारतात हजर असला पाहिजे अशी अट घातली. त्याचं ठिकाणही नोंदवलं जातं. परदेशात असलेल्यासाठी रस्ता वेगळा आहे. कागदांच्या प्रती तिथल्या नोटरीकडून, भारतीय वकिलातीतून किंवा भारतीय बँकेच्या परदेशी शाखेतून प्रमाणित करून पाठवायच्या. आणि माहितीत काहीच बदल नसेल, तर नोंदवलेल्या ईमेलवरून, मोबाइलवरून किंवा नेट बँकिंगमधून ‘बदल नाही’ असं स्वतः कळवणं पुरे, हे रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय.

फॅटकाचा, म्हणजे कर कोणत्या देशात भरता त्याचा फॉर्म खरा असतो. करासाठी तुम्ही कोणत्या देशाचे रहिवासी ते बँकेला विचारावंच लागतं. पण ईमेलमधल्या लिंकवरून भरू नका, स्वतः लॉगिन करून भरा. भारतीय बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ असे पत्ते घ्यायला ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत होती, तेव्हा पत्त्याचा शेवट नीट वाचा. सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करायलाही बँकांना सांगितलंय.

वाघोडिया रोड, बडोदा. मुलगा शिकागोला

मुलानं भारतीय सिम रोमिंगवर स्वतःजवळ नेलं, त्यामुळे ओटीपी आता त्याच्याकडेच जातात. ज्यांना हे जमण्यासारखं आहे त्यांनी आधी हेच करा. आमचं ठरलंय की त्याच्या खात्याबद्दल फोन आला तर मी फक्त “मुलाला विचारून सांगते” म्हणायचं आणि ठेवायचं, वाद घालायचा नाही. शेजारच्या वहिनींच्या खात्यातून पैसे गेले तेव्हा त्यांनी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि बँकेलाही कळवलं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमात तीन कामकाजी दिवसांच्या आत कळवण्याला फार महत्त्व आहे, म्हणून तारीख-वेळ लिहून तक्रारीचा क्रमांक घ्याच.

ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरच्या मंडळींनी तिकडची पद्धत लिहावी. माझी भाची फेब्रुवारीत मेलबर्नला चालली आहे.