हमीपत्रातील ‘विदाउट डिमर’साठी मराठीत कोणता शब्द योग्य?

प्रश्न (सातपूर, नाशिक)

सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यासाठी मी बँक हमीपत्राच्या मसुद्याचा मराठी अनुवाद करीत आहे. मागणी येताच बँक ‘विदाउट डिमर’ (without demur) रक्कम अदा करील, असे त्यात लिहिले आहे. शब्दकोशात ‘डिमर’ला आक्षेपही म्हटले आहे आणि संकोचही, या दोन गोष्टी मला एक वाटत नाहीत. मालकांना इंग्रजी फारसे अवगत नाही, आणि या हमीपोटी बँकेला प्रतिहमी (बँकेने दिलेले पैसे भरून देण्याची हमी) त्यांनाच द्यायची आहे. त्यामुळे अर्थाच्या बाबतीत जराही ढिलाई नको. हा शब्द रोजच्या इंग्रजीत कसा वापरतात आणि ‘ऑब्जेक्ट’ किंवा ‘प्रोटेस्ट’ यांहून तो कसा वेगळा, हेही कृपया सांगावे.

उत्तर १ (वकील)

हमीपत्रात संकोचाची छटा उरत नाही. माल पोहोचला का, काम पुरे झाले का, याची शहानिशा न करता आणि बँकेचा ग्राहक (येथे आपले मालक) नको म्हणत असला तरीही, हमीपत्राच्या अटींनुसार मागणी आली की बँकेने पैसे द्यायचे, असा त्याचा परिणाम आहे. न्यायालयेही अशी वसुली सहसा थांबवत नाहीत. उघड आणि गंभीर फसवणूक किंवा पुढे कशानेही भरून न निघणारा अन्याय, एवढेच अपवाद सर्वोच्च न्यायालयाने मानले आहेत. शब्द कोणताही निवडा, पण मालकांना हा परिणाम आधी समजावून सांगा, अशी कळकळीची विनंती आहे. मी ‘कोणतीही हरकत न घेता, विनाविलंब’ असे लिहीन. ‘प्रोटेस्ट’ निराळा आहे: ‘अंडर प्रोटेस्ट’ पैसे भरणारा पैसे देतो, पण ते परत मागण्याचा हक्क राखून ठेवतो.

उत्तर २ (इंग्रजीच्या प्राध्यापिका)

आपल्याला जाणवलेला दुहेरीपणा खरा आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ रेंगाळणे, थांबून राहणे असा आहे. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि आक्षेपाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. बोलण्यात हा शब्द क्वचितच ऐकू येतो. तो छापील इंग्रजीत भेटतो: अध्यक्षपद देऊ केले असता एखादी व्यक्ती सौम्यपणे नको म्हणते, तेव्हा ती ‘डिमर’ करते. ‘ऑब्जेक्ट’ कोठेही चालतो, ‘प्रोटेस्ट’ जाहीर आणि ठाम असतो, तर ‘रिमॉन्स्ट्रेट’मध्ये समोरच्याला पटवून देण्याची धडपड असते. आपले ‘का-कू करणे’ किंवा ‘आढेवेढे घेणे’ जवळचे आहे. मात्र आढेवेढे घेणारा बहुधा शेवटी तयार होतो, ‘डिमर’ करणारा होईलच असे नाही. ‘डिम्युअर’ हे विशेषण वेगळे. त्याचा अर्थ संयत, लाजरा.

उत्तर ३ (मालवाहतूक व्यावसायिक, नाशिक रोड)

प्राध्यापिकाबाईंनी सांगितलेले मूळ आमच्या मालधक्क्यावर रोज उच्चारले जाते. मोफत मुदतीत वाघिणी (मालगाडीचे डबे) भरल्या किंवा रिकाम्या केल्या नाहीत, तर रेल्वे जो आकार लावते ते ‘डेमरेज’ याच शब्दाचे भावंड आहे. पुष्कळजण त्याला ‘डॅमरेज’ म्हणतात आणि मालाच्या नुकसानीशी जोडतात. तो आकार खोळंब्याचा आहे. उतरवलेला माल धक्क्यावरून वेळेत उचलला नाही, तर लागतो तो ‘व्हार्फेज’.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वकीलसाहेब, एक शंका आहे. मूळ लॅटिन अर्थ खोळंबण्याचा असला, तरी मसुद्यात ‘तात्काळ’ या अर्थाचा शब्द आधीच स्वतंत्रपणे आला आहे. मग ‘विनाविलंब’ने तोच अर्थ दोनदा येणार नाही का?

उत्तर १ (वकील)

आपले म्हणणे बरोबर आहे. तेथे ‘विनाविलंब’ गाळावे. मसुद्यात ‘डिमर’च्या पाठोपाठ ‘प्रोटेस्ट’ हा शब्दही असेल, तर दोन्हींसाठी एकच मराठी शब्द वापरू नये. ‘कोणतीही हरकत न घेता व निषेध न नोंदविता’ असे लिहावे, आणि वाद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल, ही ओळ अनुवादाच्या शेवटी घालावी.