बेळगावात मेडिकल कॉलेजचे डॉक्टर रिसर्च नेमका कशावर करतात?

नंदगडची_पोर:
नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोटेक झालंय, घर खानापूर तालुक्यात. बेळगावात मेडिकल कॉलेजच्या एका प्रोजेक्टवर ज्युनियर पोस्ट निघाल्या आहेत, पंधरा दिवसांनी इंटरव्ह्यू. तयारी म्हणून प्राध्यापकांची माहिती वाचायला घेतली तर डोकं गरगरायलंय. प्रत्येकाच्या नावापुढं डायबिटीस, कॅन्सर, स्टेम सेल, नॅनो, एआय, एकाच माणसानं सात सात विषय लिहिलेत. मामा म्हणतोय सकाळी ओपीडी, दुपारी लेक्चर, संध्याकाळी स्वतःचा दवाखाना, हे लोक रिसर्च करतात कधी गं, गुमान बँकेची परीक्षा दे. कुणी आत काम केलंय का? खरं काम कुठल्या विषयात चालतं? माझ्या डोक्यात लॅब म्हणजे पेट्री डिश, पीसीआर, उंदीर एवढंच आहे.

थर्डइयर_पीजी:
मामा अर्धे बरोबर आहेत 😄 बऱ्याच ठिकाणी रिसर्च म्हणजे आम्हा पीजींचा, म्हणजे एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांचा थिसिस, तीन वर्षांत डिग्रीसाठी करायचा, नंतर कपाटात. पण सगळं तसं नाही. 'एरिया ऑफ इंटरेस्ट' वाचून काही कळत नाही, ते लग्नाच्या बायोडाटातल्या छंदांसारखं असतं, वाचन, प्रवास, संगीत. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायच्या फुकट साइटवर जा, सरांचं किंवा मॅडमचं नाव टाक, एकाच विषयावर दहा-दहा वर्षं पेपर येतायत का बघ. सात विषयांवर एकेक पेपर असेल तर समजून जा. आणि एक गंमत, शहराचं नाव नोव्हेंबर २०१४ ला अधिकृतपणे बदललं, म्हणून नुसतं 'बेळगावी' टाकून शोधलीस तर जुनं सगळं काम सुटतं, 'बेलगाम' स्पेलिंगनंही शोध. ट्रायल, म्हणजे औषध किंवा उपचाराची माणसांवर घेतलेली चाचणी असेल तर सीटीआरआय या भारतातल्या ट्रायल नोंदणीच्या साइटवर नोंद सापडते, तिथं कोण, कधी, किती लोकांवर, सगळं दिसतं.

तुला लॅबच पाहिजे असेल तर मेडिकल कॉलेजवरच अडून बसू नकोस. नेहरूनगरला आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे, पश्चिम घाटातल्या औषधी वनस्पती हा त्यांचा विषय. आपल्या जंगलातलं नरक्याचं झाड माहीत आहे ना, त्याच्यातल्या कॅम्प्टोथेसिन नावाच्या द्रव्यापासून कॅन्सरची औषधं बनतात. बायोटेकवाल्याला ते जवळचं पडेल.

खेडोपाडी:
मी जेएनएमसीच्या, म्हणजे बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या महिला-बाल आरोग्याच्या रिसर्चमध्ये फील्डवर काम केलंय, म्हणून जरा लांब लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

बेळगावचं जगात गेलेलं काम लॅबमधलं नाहीच, बाळंतपणातलं आहे. २००२ ते २००५ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायकांवर एक ट्रायल झाली. बाळंतपणानंतर रक्त जाऊन बाई दगावते हे आपल्या आज्यांना कुणी सांगायला नको. त्यावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन असतं, पण ते थंड ठेवावं लागतं आणि टोचायला माणूस लागतो, तेव्हाच्या खेड्यात दोन्हीची बोंब. म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, फ्रीज नको, सुई नको, एएनएम बाईनं (गावची सरकारी नर्स) बाळ झाल्यावर लगेच तोंडानं द्यायच्या. गोळी दिलेल्यांत जास्त रक्तस्राव ६.४ टक्के, तशीच दिसणारी, औषध नसलेली खोटी गोळी दिलेल्यांत १२ टक्के. २००६ ला लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय मासिकात छापून आलं, आणि २०११ ला डब्ल्यूएचओनं याच कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली.

पण मला त्याहून भारी वाटते ती पिशवी. रक्त किती गेलं हे मोजायचं कसं? आधी अंदाजच, दोन लुगडी भिजली, चार भिजली. मग बाईच्या खाली पसरायचा प्लॅस्टिकचा कागद काढला, खाली नरसाळ्यासारखी पिशवी आणि तिच्यावर मिलीलिटरच्या खुणा. बेळगावातच ताडून बघितलं तर डोळ्यांनी केलेला अंदाज पिशवीतल्या आकड्यापेक्षा सरासरी ३३ टक्के कमी निघाला! म्हणजे मोठमोठ्या डॉक्टरांच्या समोर रक्त जात होतं आणि तिसरा हिस्सा हिशेबातच नाही. तसल्याच खुणांच्या पिशव्या घेऊन पुढं आफ्रिकेतल्या चार देशांत ई-मोटिव्ह नावाची ट्रायल झाली, २०२३ ला निकाल आला, पिशवीनं लवकर ओळखून सगळे उपचार एकदम सुरू केले तर गंभीर रक्तस्रावाचे प्रकार ६० टक्क्यांनी कमी. प्लॅस्टिकचा कागद हो, नॅनो नाही की एआय नाही.

नंतरही तीच वाट. पहिलटकरणींना रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन, सहा देशांत जवळजवळ बारा हजार बायका, भारतातून बेळगाव आणि नागपूर, वेळेआधीची बाळंतपणं १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर (२०२०). मग कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा एकच डोस, आईचं सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग) किंवा मृत्यू २.४ वरून १.६ टक्के (२०२३), बाळांना मात्र त्याचा फरक पडला नाही, तेही तसंच छापलं.

निपाणीकर८२:
ताई राग मानू नका पण त्या पहिल्या ट्रायलमध्ये निम्म्या बायकांना खोटी गोळी दिली ना? गरीब खेडवळ बाई म्हणून चाललं, पुण्या-मुंबईच्या पॉश हॉस्पिटलात चाललं असतं का? आमच्या आत्याला एका ठिकाणी (नाव घेत नाही) कन्नड फॉर्मवर अंगठा मारायला लावला, तिला कन्नडचं एक अक्षर येत नाही. आणि आमच्याकडं विड्या वळून बायकांची पाठ-मान गेली, तंबाखूच्या धुरळ्यानं दम लागतोय, त्यावर करा की रिसर्च.

खेडोपाडी:
राग कसला दादा, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. उत्तर असं दिलं जातं की तेव्हा खेड्यातल्या बाळंतपणात रक्तस्राव होऊ नये म्हणून आधीच औषध द्यायची पद्धतच नव्हती, म्हणजे कुणाचं मिळणारं काढून घेतलं नाही. मला हे निम्मं पटतं. पुण्या-मुंबईला चाललं नसतं हे तुमचं खरंच आहे. फॉर्मचं तर सरळच चुकीचं, माणसाला कळणाऱ्या भाषेतच संमती घ्यायची असा नियम आहे, आम्ही मराठी आणि कन्नड दोन्ही गठ्ठे घेऊन फिरायचो. वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं, आणि आत्याला सांगा, मधेच नको म्हणायचा हक्क असतो, उपचार थांबत नाहीत. विडीचं म्हणाल तर शंभर टक्के, पण पैसा ज्या विषयाला येतो तो विषय पुढं जातो हेही बघितलंय.

थर्डइयर_पीजी:
पैशावरून आठवलं, पोस्ट ग्रँट असेपर्यंतच. लेटरवर महिने लिहिलेले असतात ते वाचून सही कर.

नंदगडची_पोर:
बापरे, ती पिशवी आपल्या बेळगावची! आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली माझ्या वेळी पोतं अंथरलं होतं. शोधलं तर पोस्ट त्याच विभागाची निघाली, फील्ड आणि डेटा. उंदीर नाहीत म्हणजे 🙈 ताई, फील्ड म्हणजे रोज काय करायचं असतं?

खेडोपाडी:
गरोदर बाईची नोंद करायची आणि बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आई आणि बाळाचा पाठपुरावा. ऐकायला सोपं. पण आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि खानापूरच्या निम्म्या सुनांचं माहेर चंदगड नाहीतर गडहिंग्लज, कागदोपत्री दुसरं राज्य. इथल्या रजिस्टरात बाई आणि बाळ तिकडं. मी फोनवर सासूला, मग मावशीला, मग तिकडच्या आशाताईला गाठायचे. एखाद्या घरात बाळ गेलेलं असतं आणि ४२व्या दिवशी तरी जावंच लागतं, फॉर्म न काढता आधी नुसतं बसायचं, चहा आला तर घ्यायचा. हे इंटरव्ह्यूत कुणी विचारणार नाही.

विचारतील ते वेगळं. स्कूटी चालवतेस का, कणकुंबीकडच्या पावसात? आणि कन्नड कितपत येतं? नंदगडात मराठीवर भागतं, बैलहोंगलला गेलीस की 'बसुरी' म्हणजे गरोदर एवढं तरी यायला पाहिजे.

नंदगडची_पोर:
स्कूटी येते. कन्नड आजपासून, शेजारच्या अक्कांकडं.