५० रात्री झोपून कमावलेला नाश्ता फुकटचा कसा?

मुक्कामपोस्ट
'उशिरा_उठणारी' यांची परवाची पोस्ट वाचून दोन दिवस गप्प बसायचा प्रयत्न केला, नाही जमलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की भारी हॉटेलात चेक-इनला प्लॅटिनमवाले (म्हणजे एकाच साखळीच्या हॉटेलांत पुष्कळ रात्री काढून वरच्या दर्जाचं सदस्यत्व मिळवलेले) "ब्रेकफास्ट आहे ना? दोघांचा ना? बुफे ना?" असं तीनतीनदा विचारतात ते बघून त्यांनाच ओशाळल्यासारखं होतं, आणि ज्याला एवढी खोली परवडते त्याने नाश्त्यासाठी जीव टाकू नये.

आता माझं ऐका. मॅरियटमध्ये प्लॅटिनमला वर्षाला ५० रात्री लागतात, हयात साखळीत ग्लोबलिस्ट या दर्जाला ६०, आयएचजी साखळीत डायमंडला ७०. ५० रात्री म्हणजे वर्षातला दीड महिन्याहून जास्त काळ मी परक्या उशीवर झोपतो. त्यातल्या कितीतरी रात्री समोरच्या, जास्त बऱ्या आणि स्वस्त हॉटेलात जाता आलं असतं. गेलो नाही, कारण "आमच्याकडेच या, आम्ही लक्षात ठेवू" असं यांनीच सांगितलं होतं. माझ्या वाटणीचं मी आधीच करून बसलोय. आता त्यांनी द्यायची वेळ आली की लगेच तो फुकटचा नाश्ता होतो होय?

आणि तीनदा का विचारतो तर विचारावं लागतं म्हणून. एकच कंपनी (मॅरियटच), एकच कार्ड, पण त्यांच्याच सेंट रेजिसमध्ये वेलकम गिफ्ट म्हणून ब्रेकफास्ट घेता येतो आणि रिट्झ-कार्लटन किंवा एडिशनमध्ये प्लॅटिनमच काय, त्याच्या वरचे टायटॅनियम असलात तरी नाही. उलट हॅम्प्टन किंवा हॉलिडे इन एक्सप्रेससारख्या साध्या हॉटेलात कसलंही कार्ड नसलेल्या माणसालाही नाश्ता मिळतो. म्हणजे जितकं हॉटेल भारी तितका हात आखडता.

गेल्या महिन्यात एका हॉटेलात (नाव सोडा) सांगितलं, "सर, तुमचा काँटिनेंटल आहे." बरं म्हटलं. सकाळी प्लेट घेऊन गरम पदार्थांकडे वळलो तर एक पोरगा पळत आला, म्हणाला सर तुमची बाजू ती. माझी बाजू! ब्रेड, फळं आणि दही एवढीच माझी बाजू, ऑम्लेटवाला दुसऱ्या बाजूला. आसपासच्या टेबलांवरचे चार लोक वळून बघायला लागले. शाळेत डबा विसरल्यावर व्हायचं तसं झालं अगदी. त्यापेक्षा आदल्या दिवशी काउंटरवर तीनदा विचारलेलं काय वाईट?

उशिरा_उठणारी
अहो नाव घेऊन लिहिलंत ते बरं केलंत, नाहीतर लोक पाठीमागेच बोलतात. मी लाज वाटते म्हटलं ते ब्रेकफास्टबद्दल नव्हतंच, ते सुराबद्दल होतं. मागे उभ्या असलेल्या माणसाला पंधरा मिनिटं ताटकळत ठेवून स्वतःच्या कार्डाचा रंग सांगायचा तो सूर. प्रवासाने अंग आंबलेलं असतं, किल्ली हवी असते फक्त, आणि पुढे हा पोवाडा चाललेला असतो.

आणि तुमचा नाश्ता फुकट नाही हे मान्यच आहे की. तो माझ्या खोलीच्या भाड्यात आहे! मी वर्षातून दोनदा स्वतःच्या खिशातून सुट्टीला जाते, माझ्याकडे कसलंही कार्ड नाही, मी ब्रेकफास्टसकट रेट घेते. म्हणजे माझे पैसे माझ्या प्लेटला आणि थोडे तुमच्या प्लेटलाही. फोर सीझन्सला पॉइंट-बिइंट काही भानगडच नाही. तरी त्यांची हॉटेलं चालतातच ना?

मुक्कामपोस्ट
फोर सीझन्सचं उदाहरण चुकलं बाई. तिथे पॉइंट नाहीत, पण त्यांच्या ठरावीक ट्रॅव्हल एजंटांकडून बुकिंग केलं की दोघांचा रोजचा नाश्ता येतोच. म्हणजे द्यायचा तो देतातच, फक्त दार वेगळं.

खिंडीतला_वाटसरू
तुम्ही दोघं भांडत बसा, मला फक्त हिल्टनवर बोलायचंय कारण कित्येक वर्षं पोटात ठेवलंय. २०२१ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या हॉटेलांत गोल्ड आणि डायमंडवाल्यांचा नाश्ता काढून त्याजागी रोजचं फूड अँड बेव्हरेज क्रेडिट आणलं. तेव्हा सांगितलं की महामारीमुळे बुफे बंद आहेत म्हणून तात्पुरतं, लोकांना बरं पडेल, दिवसभरात कधीही वापरा. झालं का तात्पुरतं? जे चिकटलं ते चिकटलं. बाहेरच्या देशांत अजून नाश्ता देतात म्हणजे देता येतो, नाही का? क्रेडिट त्या मुक्कामात वापरलं नाही तर गेलं. आणि जितकं हॉटेल भारी तितकं ते क्रेडिट तोकडं पडतं, कॉफी आणि एक टोस्ट मागवला की संपलं, वर टॅक्स आपल्या बोकांडी. यापेक्षा नाही म्हणून सांगितलं असतं तर राग आला नसता.

हिशेबनीस
एवढा वेळ वाचत होतो, पण सगळे "हॉटेलवाले" "हॉटेलवाले" म्हणताय ते कोण नक्की? मी एका हॉटेल मालकाचे हिशेब बघतो. दारावरची पाटी ब्रँडची, बिल्डिंग मालकाची, कर्जाचा हप्ता मालकाचा, अंडीही मालकाचीच. बहुतेक मोठ्या साखळ्यांच्या हॉटेलांत हेच आहे, फ्रँचायझी नाहीतर मॅनेजमेंट करार. प्लॅटिनमला नाश्ता देऊ असं वचन ब्रँडने द्यायचं आणि निभवायचं आम्ही. वर सदस्याने भरलेल्या बिलावर लॉयल्टीची (या सदस्य योजनेची) टक्केवारी ब्रँडला द्यायची ती वेगळी.

आणि साठवलेले पॉइंट देऊन, भाडं न भरता येणारा पाहुणा तर विचारूच नका. हॉटेल जवळपास भरलेलं असेल तर ब्रँडकडून बरे पैसे मिळतात, मंदीच्या दिवशी जे मिळतं ते नेहमीच्या भाड्याच्या जवळपासही नसतं. तो पाहुणा मग बायकोला घेऊन साडेआठला खाली येतो आणि निवांत दीड तास बसतो. बसू दे, पण मालकाने काँटिनेंटल म्हटलं की त्याला लबाड म्हणू नका एवढंच. त्याच्या दृष्टीने तुम्ही दुसऱ्याच्या लग्नातले वऱ्हाडी.

मुक्कामपोस्ट
हिशेबनीस, वाईट वाटतं मालकाचं, खरंच, पण करारावर सही कोणाची? पाटी लावली की तिच्यामुळे गिऱ्हाईक येतं ते चालतं, नियम आला की आम्ही गरीब. आणि हयातला कसं जमतं मग? त्यांच्या ग्लोबलिस्टला ज्या हॉटेलात क्लब लाउंज नाही तिथे पूर्ण नाश्ता, दोन मोठे आणि दोन मुलं, टॅक्ससकट. तिथे पाटी त्यांची आणि अंडी दुसऱ्याची नसतात का?

हिशेबनीस
असतात. पण नियम स्वच्छ लिहिलेला आहे, त्यामुळे मालकाला पहिल्या दिवसापासून आकडा माहीत असतो. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर आहे. तेवढ्यापुरतंच.

तिसरी_पाळी
मी रेस्टॉरंटच्या दारात यादी घेऊन उभी असते ती. खोली नंबर विचारणारी. माझं एक ऐका, तीनदा विचारणारे मला चालतात, कारण त्यांना सकाळी काय मिळणार ते माहीत असतं. त्रास कोणाचा होतो सांगू? नियमात दोघांचा नाश्ता असताना पाचजण येतात. "हे माझे मेहुणे, ते काही खाणार नाहीत, फक्त सोबत बसतील." मेहुणे बसतात. मग मेहुण्यांसाठी फक्त कॉफी. मग मेहुणे सहज म्हणून उठतात आणि दोन क्रोसाँ घेऊन येतात. मी काय करायचं, हातातून काढून घेऊ? बिल लावलं की खाली मॅनेजरकडे तक्रार, नाही लावलं की वर हिशेबनीसांसारखे लोक विचारतात, माणसं इतकी आणि बिलं कमी का.

आणि ते "सर तुमची बाजू ती" सांगणारं पोरगं होतं ना, त्यालाही ते सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं. बाजू त्याने नाही पाडलेली.

एक_बॅग
मुक्कामपोस्ट, एक बारीक प्रश्न. त्या ५० रात्रींचे पैसे कोणी भरले?

मुक्कामपोस्ट
कंपनीने. मग? झोपलो मीच. मुलांच्या वाढदिवसाला नव्हतो तो मीच.

एक_बॅग
नाही नाही, झोपलात तुम्हीच. मी एवढंच म्हणतोय की "समोरचं स्वस्त हॉटेल सोडलं" असं वर लिहिलंत. म्हणजे कंपनीचे जास्त पैसे खर्च करून स्वतःचं स्टेटस कमावलंत, आणि मग त्याला "माझ्या वाटणीचं" म्हणताय. आणि आता दुसरा बारीक प्रश्न. सकाळचा भत्ता घेता का?

मुक्कामपोस्ट
कुठला भत्ता?

एक_बॅग
अहो रोजचा खाण्याचा भत्ता मिळतो ना दौऱ्यावर. त्यात सकाळचा भाग असतो. नाश्ता हॉटेलने दिला त्या दिवशी तो भाग क्लेममधून कापता का?

उशिरा_उठणारी
😄 खुर्ची ओढून बसले मी.

मुक्कामपोस्ट
विषय काय आणि चाललंय काय. भत्ता ठोक रकमेत असतो, कोणी काय खाल्लं ते कोणी विचारत नाही. मी उपाशी राहिलो तरी तेवढाच आणि दोनदा जेवलो तरी तेवढाच.

खिंडीतला_वाटसरू
आमच्याकडे विचारतात. एका सहकाऱ्याच्या बिलावर "ब्रेकफास्ट इनक्लुडेड" छापून आलं, अकाउंट्सने वर्षभराची बिलं काढली आणि तितक्या दिवसांचा सकाळचा भत्ता पगारातून वळता केला. तो बिचारा सांगत होता की अहो हा कंपनीने घेतलेला नाही, मला माझ्या स्टेटसमुळे मिळालाय. त्यांनी एकच विचारलं, स्टेटस कशामुळे मिळालं? आता यात चूक कोणाची मला अजून ठरवता आलेलं नाही, पण तेव्हापासून मी मॅरियटमध्ये चेक-इनला नाश्त्याऐवजी १००० पॉइंट मागतो, बिलावर काही छापून येत नाही.

हिशेबनीस
वाटसरू, हे तुम्ही चारचौघांत लिहिलंत म्हणून सांगतो, मी अकाउंट्सवाला आहे आणि मला ते आता माहीत झालंय.

एक_बॅग
म्हणजे बघा. कंपनीचे पैसे, मालकाची अंडी, आणि सकाळचा भत्ता वरून. तीन ठिकाणी एकच नाश्ता वसूल. आणि वर "फुकट म्हणू नका"!

मुक्कामपोस्ट
तुमच्यासारख्यांमुळेच कंपन्या उद्या दात घासायच्या पेस्टचाही हिशेब मागतील. कधी केलाय आठवड्याला चार रात्रींचा दौरा? रात्री साडेअकराला पोचायचं, सकाळी आठला मीटिंग, संध्याकाळी परत विमान. त्या माणसाला सकाळी वीस मिनिटं शांतपणे बसून गरम काहीतरी खायला मिळालं तर कोणाच्या बापाचं काय जातं?

हिशेबनीस
मालकाचं जातं. वर सांगितलं की.

एक_बॅग
बापावर जायची गरज नव्हती. केलेत मी दौरे, अकरा वर्षं. भत्ता कापून क्लेम भरायचो, हसायचे सगळे. हसा.

तिसरी_पाळी
अहो शांत घ्या जरा. साडेअकराला येणाऱ्यांना मी रोज बघते, मुक्कामपोस्ट अगदी खोटं बोलत नाहीयेत. सकाळी साडेसहाला दार उघडायच्या आधी कोट घालून उभे असतात, दहा मिनिटांत खाऊन जातात, धड बसतही नाहीत. त्यांच्यासाठी मी यादी बघायच्या आधीच दार उघडते. हे हिशेबनीसांनी वाचलं नाही असं समजा.

उशिरा_उठणारी
बरं, तिसरी_पाळी म्हणतात म्हणून थोडं मागे घेते. विचारा तुम्ही काउंटरवर. पण एकदा. एकदाच. आणि मेहुणे घरी ठेवा.

मुक्कामपोस्ट
आभारी आहे, फार उपकार झाले. पुढच्या वेळी लेखी परवानगीची प्रत सोबत ठेवतो. मला मेहुणा नाही.

पण बाई, तुम्ही तर ब्रेकफास्टसकट रेट घेता, पैसे मोजून. मग तुम्हाला तरी पुरेपूर वसूल होत असेल?

उशिरा_उठणारी
माझं नाव वाचलंत का? साडेदहाला बुफे बंद होतो. मी आजवर भरलेल्या नाश्त्यांपैकी निम्मेसुद्धा खाल्ले नसतील. बाकी सगळे तुम्हीच खाल्लेत बहुतेक.

तिसरी_पाळी
म्हणजे तुम्ही त्या! "साडेदहा झालेत पण फक्त कॉफी मिळेल का" वाल्या! 😄

हिशेबनीस
पैसे भरून न येणारं गिऱ्हाईक. ताई, तुमच्यासारखे पन्नास मिळाले तर आमचा मालक ऑम्लेट सगळ्यांना खुलं करेल.

मुक्कामपोस्ट
चला, शेवटी माझा नाश्ता कोण भरतं ते कळलं. मनापासून धन्यवाद ताई.

एक_बॅग
भत्त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.