मदत हवी आहे : सीडी जपू का लॉसलेस अ‍ॅपवर जाऊ?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. घरी वडिलांच्या दीडेकशे सीडी आहेत, बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, पण प्लेअर म्हातारा झालाय, ट्रे अर्धा बाहेर येऊन अडकतो मग बोटानं ओढायचा, त्यात इथला धुरळा, लेन्सचं काय झालं असेल देव जाणे. नवी पेठेत प्लेअर विचारला तर दुकानदार असा बघायला लागला जणू मी ग्रामोफोनची सुईच मागतोय.

पोरगी म्हणते पप्पा लॉसलेस अ‍ॅप घ्या की, म्हणजे आवाजातलं काही न गाळता नेटवरून गाणी ऐकवणारं. घेतलं. महिनाभर रोज रात्री ऐकलेला एक यमन पुढच्या महिन्यात यादीतून गायबच, पैसे भरून पण आपलं काहीच नाही ओ! आणि विलंबित संपून द्रुत सुरू होताना मधे अर्धा सेकंद शांतता, सगळा मूड जातो.

आता आवाज किती बारकाईनं नोंदलाय त्याचे आकडे बघितले तर सीडी म्हणजे १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ, अ‍ॅपवाले २४ बिट १९२ किलोहर्ट्झपर्यंत सांगतात, पण मी ऐकतो साध्या ब्लूटूथ स्पीकरवर आणि ब्लूटूथ तर आवाजातलं थोडं गाळून, दाबूनच पाठवतं, मग जास्तीचे आकडे कशाला?

तर सगळ्या सीडी कॉम्प्युटरवर फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावता लहान केलेली फाइल) उतरवून घेऊ का? तासाभराच्या सीडीला तीन-चारशे एमबी धरले तरी साध्या हार्डडिस्कवर बसतील. चरे पडलेल्या सीडी नीट उतरतात का? आणि फोनला वायरनं जोडायचा डॅक (फोनमधला डिजिटल आवाज हेडफोन-स्पीकरला चालेल असा करून देणारी डबी), तीन-चार हजारात बरा कुठला? वडिलांना रिमोट सोडून काही जमत नाही, तेवढं लक्षात ठेवून सांगा.