ब्लेनीची सोन्याची खाण: वारसा की अडवणूक?

मंदार_ऑरेंज: काल इथे एकाने लिहिलं, "मधमाशीच्या गोष्टीपायी अब्जाची खाण बुडवली." डोकंच फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. ऑगस्ट २०२४मध्ये ऑस्ट्रेलियाच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री प्लिबरसेकबाईंनी ब्लेनीची (न्यू साउथ वेल्स) खाण अडवली नाही. बेलुबुला नदीच्या उगमाशी खाणीचा गाळ साठवायचा बांध होणार होता, तो अडवला. दुसरी जागा परवडत नाही, हे खाणवाल्या रेजिस कंपनीचं म्हणणं. विराजुरी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या नदीचा उगम गाळाखाली घालायचा आणि वर त्या जागेशी जोडलेल्या त्यांच्या मधमाशीच्या पवित्र कथेला हसायचं? ब्रह्मगिरीवर असा बांध घातला असता तर हे महाशय मोर्चात सगळ्यांच्या पुढे असते.

पर्थचा_बापू: मोर्चा राहू दे. ऑरेंजच्या लँड कौन्सिलने, म्हणजे मूळ रहिवाशांच्याच संस्थेने, विरोध केला नव्हता, ते बरं गाळलंस! एक गट म्हणतो हरकत नाही, दुसरा म्हणतो पवित्र. ब्लेनीतल्या पोरांना नोकऱ्या तू देणार का?

सुनीता_डबो: लँड कौन्सिल ही १९८३च्या कायद्याने आलेली संस्था. तिथे सभासद व्हायला त्याच मुलखाचं पिढीजात असावं लागत नाही. आणि बापू, तू पर्थचा ना? तुमच्याच वेस्टर्न ऑस्ट्रेलियातली जुकन गॉर्ज विसरलास? ४६,००० वर्षांच्या वावराच्या खुणा असलेल्या गुहा रिओ टिंटो या खाण कंपनीने २०२०मध्ये सुरुंग लावून उडवल्या, तेही रीतसर परवानगी घेऊन. तिथे माणसाच्या केसांच्या पट्ट्याचा तुकडा सापडला होता, ४,००० वर्षांपूर्वीचा. त्या केसांचं नातं आजच्या तिथल्या लोकांशी जुळलं.

पर्थचा_बापू: ते पापच होतं. म्हणून सगळेच खाणवाले पापी?

तिरपा_बाण: तुमचं चालू द्या. आमच्या मंडळात आरतीआधी 'या भूमीच्या मूळ रखवालदारांना वंदन' वाचतात. वाचणारा मोबाइलवरून वाचतो, जमातीचं नाव चुकवतो आणि लगेच मोदकांच्या रांगेत! कशाला हे नाटक?

मंदार_ऑरेंज: चुकतो तर शिकवा त्याला.

तिरपा_बाण: गेलो होतो शिकवायला. "काका, साउंडवाल्याच्या मध्ये येऊ नका" म्हणाला.

सुनीता_डबो: आमच्याकडे एकदा इथल्या मूळ रहिवाशांपैकी एक आजी आल्या होत्या. पसायदान झाल्यावर नदीबद्दल बोलल्या. हॉलमध्ये एरवी पोरांचा गोंगाट असतो, तेव्हा चिडीचूप.

पर्थचा_बापू: पुढच्या वर्षी बोलावलंत त्यांना?

सुनीता_डबो: नाही. ढोलताशा पथकाला वेळ कमी पडत होता.

पर्थचा_बापू: वा! आणि आम्हाला वारसा शिकवता.

एटापल्लीकर: गडचिरोलीत सूरजागडच्या डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकूरदेव आहे. तिथली जत्रा मी लहानपणापासून पाहिली. आता त्याच डोंगराचं लोहखनिज ट्रक भरभरून जातंय. त्यावर धागा कोणी काढला? ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीबद्दल २०१३मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्रामसभांना विचारायला लावलं, तेव्हा बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. ब्लेनीतही घ्या ग्रामसभा.

पर्थचा_बापू: घ्या की. गोऱ्या शेतकऱ्यांनाही बसवा.

मंदार_ऑरेंज: जरूर बसवा. खाणीशेजारच्या किंग्ज प्लेन्सचे कित्येक शेतकरी खाणीच्या विरोधातच होते.

पर्थचा_बापू: असतील. ते निदान पाण्यासाठी भांडले, तेवढं मान्य. मधमाशीचं अजूनही पटत नाही.

तिरपा_बाण: यंदा आरतीआधी कोण वाचणार ते ठरवा आधी. माझं नाव घालू नका.